‘अंकल टॉम्स केबिन’ आणि महाड : कायदा व धर्मग्रंथ

हॅरिएट बीचर स्टो यांच्या ‘अंकल टॉम्स केबिन’चा उगम करुणेत शोधण्याची प्रथा आहे, आम्हास तो एका कायद्यात दिसतो. १८५० च्या कायद्याने फरारी गुलामास आश्रय देणे हा मुक्त राज्यांतही गुन्हा ठरला. स्टोबाई सिनसिनाटीस अठरा वर्षे राहिल्या होत्या. ओहायो नदीचा पैलतीर केंटकीचा, म्हणजे गुलामगिरीचा. जून १८५१ पासून कथा ‘नॅशनल इरा’ साप्ताहिकात क्रमशः आली. १८५२ मध्ये ग्रंथ निघाला. तीतील सेनेटर बर्ड या धर्तीच्या कायद्यास मत देऊन घरी येतो आणि त्याच रात्री, मूल घेऊन बर्फावरून नदी ओलांडलेल्या एलायझाला स्वतः सुरक्षित स्थळी पोहोचवितो. त्याची पत्नी बायबलचा आधार घेते. राज्याच्या कायद्याविरुद्ध धर्मग्रंथ, असा हा वाद आहे. (मालकांचे कैवारीही बायबलच पुढे करीत, हे लेखिकेने लपविलेले नाही.)

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीच्या पुरस्कर्त्यांस अर्पण केल्यापासून ही तुलना मराठीस परकी नाही. परंतु महाड येथे पक्ष नेमके उलटे झाले. १९२३ चा बोले ठराव व त्यास अनुसरून १९२४ चा नगरपालिकेचा ठराव यांनी चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले होते. अडविणारी होती ती शास्त्राच्या नावाने चाललेली रूढी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्याचे पाणी प्याले. मारहाण झाली, पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ झाली, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला. हजारो लोक जमलेले असताना तो पाळण्यात आला. मात्र २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गं. नी. सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते.

स्टोबाईंनी ग्रंथाच्या बळावर कायदा मोडावयास सांगितले. महाडने कायदा पाळून ग्रंथ जाळला. आमच्या मते दुसरी भूमिका अधिक कठीण होय. टॉमची सहनशीलता वाचकाच्या दयेवर विसंबते, आणि जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ मध्ये या कादंबरीवर केलेली कठोर टीका येथे आठवते. महाडला दया नको होती. सार्वजनिक पाण्यावरील हक्क हवा होता.

मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला तो आंबेडकरांच्या बाजूने, पण पुराव्याच्या मुद्द्यावर : तळे केवळ स्पृश्यांचे असल्याची रूढी अनादिकालापासून चालत आल्याचे वादींस सिद्ध करता आले नाही.