गादीतली हवा

पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी एक तक्रार नोंदवून गेला आहे. जर्मन मुलखातले लष्करी अधिकारी पहाऱ्यावरच्या आख्ख्या तुकड्या हंस धरायला पाठवत. हंसाची लव पौंडाला 5 देनारी भावाने खपत होती, आणि आता पुरुषांच्या मानेलाही तिच्यावाचून चैन पडत नाही, याचा त्याला संताप होता.

त्याच शतकात मराठवाड्यातल्या तगरात, म्हणजे आजच्या तेरमध्ये, दुसराच माल गाड्यांवर चढत होता. ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी टिपणात तगरहून भडोचला जाणाऱ्या साध्या कापडाची आणि मलमलीची नोंद आहे. कापूस इथे अंगावर होता, तसा अंथरुणातही आला.

पीस आणि लव एकाच पक्ष्याची, पण गादीत त्यांचे गुण निराळे. पिसाला मधोमध ताठ दांडी असते. भार पडला की ते चपटे बसते, कधी दांडीचे टोक खोळीतून टोचते. वरच्या पिसांखालच्या लवेला अशी दांडी नसते. तिचे तंतू चहूबाजूंनी फुलतात, त्यांत हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच ऊब धरून ठेवते.

मराठवाड्यात गादीत हवा भरायचे काम पिंजाऱ्याचे. धनुकली टांगायची, तिची तात कापसाच्या ढिगाला टेकवायची आणि लाकडी ठोकळ्याने ताडताड मारायचे. तातीच्या कंपाने गुठळी सुटते, कचरा खाली झडतो, तंतू मोकळा होतो. वापराने गादी दबून दगडासारखी झाली, की खोळ उसवून तोच कापूस पुन्हा पिंजून घेत. या कारागिरीला मानाचे स्थान फार थोड्यांनी दिले. सुताचे कौतुक झाले, पिंजणाचे राहून गेले.

कापसातही भेद होतेच. पहिल्या वेचणीचा माल बाजारात जाई. हंगामाच्या शेवटची फरदड आणि किडकी कवडी, ज्यांना भाव नसे, ती घरच्या गादीत. निजामाच्या राज्यात इथला ‘गावरानी’ कापूस देशी वाणांत लांब धाग्यासाठी नावाजलेला होता, त्यामुळे चांगला माल घरी राहणे अवघडच. आखूड, भरड देशी कापूस मात्र गादीला सोयीचा, कारण तो लवकर दबत नाही.

हंसाच्या लवेच्या सर्वांत जवळ जाते ती सावर. तिचा तंतू पोकळ आणि गुळगुळीत, त्याचे सूत धड निघत नाही. म्हणून तो गिरणीकडे गेला नाही, उशीत आला. उन्हाळ्यात काटेसावरीची बोंडे फुटली की वाऱ्यावर उडण्याआधी तो गोळा करावा लागे.

गरिबाघरी तर भरणच नसे. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर टाक्यांनी जोडून वाकळ होई. थरांमधली हवा तिथेही तेच काम करी.

आता पिंजण विजेच्या यंत्रावर होते आणि गावोगाव फोमच्या गाद्या आल्या आहेत. फोम दबला की उसवून पिंजता येत नाही; पूर्ण गादीच बदलावी लागते.