राशिल्डबाईंचा मंगळवार

शनिवारची सकाळ, हातात चहा, लॅपटॉप बंद. चला, जरा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसला जाऊन येऊ.

'डेकेडंट' साहित्यिक म्हटलं की आपल्याला आठवतात अफू, ॲबसिंथ आणि अंधारे कॅफे. पण या मंडळींचा हक्काचा अड्डा होता एका संसारी बाईंचा दिवाणखाना. वार ठरलेला, मंगळवार.

बाईंचं खरं नाव मार्गरीत एमरी, टोपणनाव राशिल्ड. १८८४ साली ब्रसेल्समध्ये त्यांची 'मस्य व्हेनस' ही कादंबरी आली. आपण 'श्रीयुत व्हेनस' म्हणू. नायिका खानदानी, श्रीमंत. ती कागदी फुलं करणाऱ्या एका गरीब पोराला चक्क 'ठेवते'. सगळ्या भूमिका उलट्या! बेल्जियमच्या कोर्टानं दोन वर्षं कैद आणि २००० फ्रँक दंड ठोठावला. बाई पॅरिसमध्ये होत्या, त्या तिकडे फिरकल्याच नाहीत. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं असे, 'साहित्यिक पुरुष'.

१८८९ मध्ये त्यांनी आल्फ्रेद व्हालेतशी लग्न केलं. १८९० च्या जानेवारीत व्हालेत आणि मित्रांचं 'मर्क्यूर द फ्रान्स' हे मासिक सुरू झालं. मग काय, राशिल्डबाईंचा मंगळवार म्हणजे नव्या लेखकांची परीक्षाच. आंद्रे जीद यायचा, पिएर लुई यायचा, आल्फ्रेद जारी तर घरचाच. जारीचं 'उबू रॉय' करावं की नाही, म्हणून नाटकवाला लुन्ये-पो कच खात होता. बाईंनी पत्र लिहून त्याला धीर दिला. १० डिसेंबर १८९६ ला पहिल्याच शब्दाला थिएटरात दंगा झाला, आणि आधुनिक रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही ती रात्र सांगावी लागते.

जारी अमर झाला. बाईंनी स्वतः साठेक पुस्तकं लिहिली, 'मर्क्यूर'मध्ये वर्षानुवर्षं कादंबऱ्यांची परीक्षणं केली. पण १९५३ मध्ये, ९३ व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या जवळजवळ विस्मरणात गेल्या होत्या. लोकांना आठवत होता तो मंगळवार.

त्यांना सरळ 'फेमिनिस्ट' म्हणून मोकळं व्हावं, तर तेही जमत नाही. १९२८ मध्ये 'मी फेमिनिस्ट का नाही' असं पुस्तकच त्यांनी लिहिलंय!

मला खटकतं ते एवढंच. प्रत्येक ऑफिसात सगळ्यांना एकत्र आणणारी, अडलेलं काम पुढे ढकलणारी एक व्यक्ती असते. रिलीजच्या मेलमध्ये तिचं नाव नसतं. आणि असलंच, तर "चहापाण्याची छान व्यवस्था केल्याबद्दल आभार" एवढंच. तिनं लिहिलेला कोड कुणी उघडून बघितलाय का?