उंदीर, पिसू आणि पिंजरा

मुंबई-पुण्याच्या प्लेगबद्दल मराठीत कमी लिहिलेले नाही. १८९७ च्या फेब्रुवारीतला साथरोगांचा कायदा, घराघरांत शिरलेले सोल्जर, २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेली गोळी, रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाई, हे सगळे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मी गेली काही वर्षे या काळाची कागदपत्रे एका क्षुल्लक वस्तूसाठी चाळतो आहे. ती वस्तू म्हणजे उंदराचा पिंजरा. भजे किंवा सुक्या खोबऱ्याचा तुकडा आकड्याला अडकवावा, उंदराने तो ओढला की मागचे दार खाडकन पडावे, असे तिचे साधे यंत्र. प्लेगचे कोडे सुटण्यात या यंत्राचा वाटा बंदुकीपेक्षा आणि कार्बोलिकच्या पिंपापेक्षा मोठा आहे, असे माझे मत होत चालले आहे.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचे निदान केले. दोन वर्षे आधी हाँगकाँगमध्ये येर्सँने प्लेगचा जंतू ओळखला होता आणि तो मेलेल्या उंदरांतही सापडला होता. म्हणजे उंदराचा संबंध डॉक्टरांना कळून चुकला होता. लोकांना तर तो त्याहून जुना ठाऊक होता. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून वर निघून जात. आपल्याकडेही उंदीर पडला की माळावर झोपड्या घालून राहायला जाण्याची रीत प्लेगच्या वर्षांत गावोगाव पडली. प्रश्न एवढाच होता, की उंदराकडून रोग माणसाकडे येतो कसा? सरकारी उत्तर घाणीचे होते. म्हणून कौले उतरवा, भिंतींना चुना फासा, अंथरुणे जाळा, मोऱ्यांत औषध ओता. ज्या उपायांनी लोक एवढे चिडले, त्यांतले बरेचसे चुकीच्या समजुतीवर उभे होते.

पहिला खरा धागा मिळाला तो कराचीत, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेचा फ्रेंच डॉक्टर आधी मुंबईत काम करून तिकडे गेला होता. २ जून १८९८ रोजी त्याने प्लेगग्रस्त घरातला आजारी उंदीर काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला आणि त्याच्या अंगावर पिसवा सोडल्या. तो मरायला टेकला तेव्हा जाळीच्या लहान पिंजऱ्यात घातलेला एक निरोगी उंदीर त्याच बरणीत सोडला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही, पण पिसू जाळीतून सहज जाईल, अशी योजना. काही दिवसांत पिंजऱ्यातला उंदीरही प्लेगने मेला. सिमाँने हे त्याच वर्षी छापले. पण हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनला त्याची कल्पना दखल घेण्याजोगीही वाटली नाही. पुढची काही वर्षे माणसे मरत राहिली आणि चुना फासला जात राहिला. १८९६ नंतरच्या पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीच्या आसपास माणसे गेली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुर्लक्षाची किंमत कळते.

१९०३ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत गिनीपिग मरू लागले आणि मुंबईतले डॉ. लिस्टन तिकडे वळले. त्या गिनीपिगांच्या अंगावर त्यांना उंदरांच्या पिसवा मिळाल्या. मग त्यांनी एक नामी युक्ती केली. प्लेग झालेल्या घरांत ते गिनीपिग मोकळे सोडत आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करत. उंदरासाठी पिंजरा असतो, तसा पिसूसाठी गिनीपिग!

१९०५ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसात नव्या संशोधन कमिशनचे काम सुरू झाले (हीच आजची हाफकिन संस्था). तिथे पिंजऱ्यांचा खेळ फार पद्धतशीर झाला. दोन पिंजरे शेजारी ठेवायचे, एकाला पिसू शिरणार नाही अशी बारीक जाळी, दुसरा उघडा. उघड्यातला प्राणी मरे, जाळीतला वाचे. पिंजरा जमिनीलगत टांगला तर आतल्या गिनीपिगाला लागण होई. दोन फूट उंच टांगला तर होत नसे, कारण पिसवेची उडी काही इंचांची. हवा, घाण, जमीन, सगळे तेच होते. फरक फक्त पिसवेच्या उडीचा.

त्याच वेळी शहरभर पिंजरे लावून उंदीर पकडले जात होते. वर्षभरात लाखाहून जास्त उंदीर परळला तपासले गेले. त्यातून एक क्रम दिसला. आधी गटारातल्या मोठ्या उंदरांत साथ येते, मग साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसांत.

इथे चाप आणि पिंजरा यांतला भेद कळीचा ठरतो. चापात उंदीर मरतो, अंग गार पडते, आणि पिसवा ते सोडून दुसरे उबदार अंग शोधू लागतात. सकाळी हाती येतो तो नुसता उंदीर. पिंजऱ्यातला जिवंत उंदीर मात्र आपल्या पिसवा घेऊन येतो. पिंजरा कापडी पिशवीत घालायचा, क्लोरोफॉर्मने उंदीर आणि पिसवा दोन्ही निपचित करायच्या, मग पांढऱ्या तबकावर उंदराचे केस विंचरायचे. पडलेल्या पिसवा मोजायच्या आणि त्यांची जात ओळखायची. एका उंदरामागे प्लेगच्या मुख्य पिसवेची सरासरी एकाच्या वर गेली की धोका समजतात. जात पाहण्याचे महत्त्व पुढे कोलंबोच्या डॉ. हर्स्ट यांनी दाखवले. मुंबईत जी पिसू सगळीकडे होती ती मद्रासकडे विरळ होती, तिथली तिची बहीण प्लेग पसरवायला कच्ची. मद्रास बरेचसे वाचले यामागचे हे एक मोठे कारण.

याच हिशेबातून एक अवघड गोष्ट निघते. साथीच्या ऐन भरात नुसते उंदीर मारले, तर बेघर झालेल्या पिसवा माणसाकडे वळतात. शिवाय उंदरिणीला पिल्ले व्हायला तीन आठवडे पुरतात, त्यामुळे जागा रिकामी राहत नाही. आपल्याकडची जुनी घरगुती पद्धत तर आणखी न्यारी. गणपतीचे वाहन मारायचे कसे, म्हणून पिंजरा उचलून पलीकडच्या आळीत किंवा ओढ्याकाठी नेऊन उघडायचा. त्या दयेबद्दल मला आदर आहे. पण प्लेगच्या दिवसांत त्या एका उघडलेल्या दाराने पलीकडच्या आळीत काय पोचत असेल, हे वरचा हिशेब वाचल्यावर मनातून जात नाही. (आणि उंदीर बऱ्याचदा परतही येतो, हे ज्याने सोडून पाहिला आहे त्याला सांगायला नको.)

हे सगळे जुन्या काळचे म्हणावे, तर १९९४ आठवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात लोकांनी भीतीने घरे सोडली, धान्य आतच राहिले आणि उंदरांचे फावले. पुढच्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले, पिसवांचा त्रास वाढला, मग माणसांच्या गाठी सुजल्या. महिन्याभरात सुरतेची साथ जाहीर झाली आणि बातम्यांत मामला मागे पडले. पण क्रम तोच होता, परळच्या वह्यांत नव्वद वर्षांपूर्वी मांडलेला: उंदीर, पिसू, माणूस. तपासासाठी आलेल्या पथकांनी गावात पिंजरे लावले, सकाळी पिशव्यांत घातले, आणि तबकावर केस विंचरून पिसवा मोजल्या.