टप उघडलेली रोल्स आणि ट्रांबा

बाबांची डुक्कर फियाट अजून चालू आहे, तेवढ्या भांडवलावर मी जुन्या गाड्यांवाल्यांच्या कंपूत शिरलो. (घरच्यांनो, हसू नका!) मुंबईत हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज गाड्या जमल्या की फियाट एका कडेला लावायची आणि दिवसभर टप उघडणाऱ्या गाड्यांभोवती घिरट्या घालायच्या, हा माझा कार्यक्रम.

या उघड्या गाड्यांतही जाती आहेत बरं का. टूररच्या दाराला वर-खाली होणारी काच नसते, पाऊस आला की बाजूने पडदे अडकवायचे. ड्रॉपहेड कूपेला काचा असतात, टपाला आतून अस्तर असतं. आणि महायुद्धाआधी रोल्स-रॉइस द्यायची फक्त इंजिनासकट सांगाडा. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारखान्यातून बांधून घ्यायची. त्यामुळे एकीसारखी दुसरी मिळणं मुश्किल. गाड्यांवाले चहाचे कप हातात धरून यावर तासन् तास बोलू शकतात.

तिथेच एका काठियावाडी आजोबांशी ओळख झाली. त्यांच्याकडून मी पहिल्यांदा 'स्टार ऑफ इंडिया'बद्दल मनसोक्त ऐकलं. १९३४ सालची फँटम टू कॉन्टिनेंटल, थ्रप अँड मेबर्लीने बांधलेली, भगव्या रंगाची, टप उघडणारी. स्टिअरिंग वळवलं की पुढचे दिवेही वळतात! पावणेआठ लिटरच्या आसपासचं सहा सिलिंडरचं इंजिन. मालक राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी. फोटो पाहिलात तर तुम्हीही माझ्यासारखे गप्प व्हाल, इतकी देखणी आहे.

राजकोट म्हटल्यावर मात्र मला दुसरंच काही आठवलं. घरी येऊन पुस्तकं काढली. राजकोट म्हणजे नऊ तोफांचं लहानसं संस्थान. गांधीजींचे वडील तिथे दिवाण होते. धर्मेंद्रसिंहजींचे वडील लाखाजीराज प्रजेचे लाडके, मुलाची तऱ्हा वेगळी. खजिना आटला तसे काडेपेट्या, साखर अशा रोजच्या वस्तूंच्या विक्रीचे मक्ते दिले गेले. म्हणजे चूल पेटवायची काडीसुद्धा मक्तेदाराकडून! लोक चिडले, सत्याग्रह झाला. डिसेंबर १९३८ मध्ये ठाकोरसाहेबांनी वल्लभभाईंना सुधारणांचं वचन दिलं आणि महिन्याभरात फिरवलं. कस्तुरबा तिथे गेल्या तर त्यांना ट्रांबा गावात स्थानबद्ध केलं. वय सत्तरीला टेकलेलं. ३ मार्च १९३९ ला गांधीजी उपोषणाला बसले आणि व्हाइसरॉयने प्रकरण सरन्यायाधीश ग्वायर यांच्याकडे सोपवल्यावर, ७ तारखेला त्यांनी ते सोडलं. निवाडा वल्लभभाईंच्या बाजूने लागला, पण दिवाण वीरावाळांनी इतके फाटे फोडले की मे महिन्यात गांधीजींनी त्या निवाड्यावरच पाणी सोडलं. ठाकोरसाहेब १९४० मध्ये वारले.

पुढच्या भेटीत हे सगळं आजोबांसमोर मांडलं. ते एका बंपरवर फडकं मारत होते. मान वर न करता म्हणाले, "भाई, गाडीने काय गुन्हा केला?"

बरोबर आहे. ज्या कारागिरांनी ती ठोकून-घासून घडवली त्यांचाही काही गुन्हा नाही. पण लिलावाच्या गुळगुळीत छापील पानांवर 'महाराजांची हौस' एवढंच येतं, काडेपेटी कधीच येत नाही, हे मला खटकतं ते खटकतंच. आजोबांना तसं म्हणालो. ते हसले आणि फडकं माझ्या हातात दिलं. मग पुढचा अर्धा तास मीही घासत बसलो, काय करणार, क्रोमचा मोह!

असो. ती गाडी १९६८ मध्ये परदेशी गेली. २०१० मध्ये राजघराण्याच्या वारसांनी ती विकत घेऊन राजकोटला परत आणली. गांधीजी जिथे शिकले त्या तिथल्या शाळेचं २०१८ मध्ये संग्रहालय झालं आहे. आपल्यापैकी कुणी द्वारका-सोमनाथला जाणार असेल तर वाटेत राजकोटला थांबा. ट्रांबाही तिथून जवळच आहे. गाडी दिसलीच तर फोटो मात्र टप उघडलेला असतानाच काढा.