एक शुद्ध प्रत, अनेक नकला

शाळेच्या संगणक-कक्षाचे कुलूप सकाळी उघडते, भिंतीवरचे मुख्य बटण दाबले जाते आणि ओळीने मांडलेले संगणक एकापाठोपाठ एक जागे होतात. सर्वांच्या पडद्यावर तेच चित्र, त्याच जागी त्याच खुणा. मुलांना यात काही नवल वाटत नाही. वर्गातली पाठ्यपुस्तके सारखी असतात, तसे संगणकही सारखेच असणार, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः ते तसे आपोआप होत नाहीत. सुट्टीच्या दिवशी बंद दाराआड बसून कोणीतरी त्यांना सारखे केलेले असते. हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात शाळेच्या साठ वर्षांची वाटचाल अनेकांच्या लेखणीतून येईलच. या न दिसणाऱ्या कामाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून तो सांगण्याचे मी योजिले आहे. तात्यापाऱ्यासारख्या, हिंदी मुलखात वसलेल्या मराठी वस्तीशी त्याचा संबंध वरवर दिसतो त्याहून जवळचा आहे.

नक्कल करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हाताने उतरवल्या जात. लेखनिकाचा हात एके ठिकाणी चुकला की ती चूक पुढच्या प्रतीत जाई आणि त्या प्रतीवरून झालेल्या प्रत्येक प्रतीत ती ठाण मांडून बसे. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याला तीनशे वर्षे होत आली, तोवर तिच्यात असे अनेक अपपाठ शिरले होते. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. जी प्रत पुढे शेकडो हातांनी उतरवली जाणार, ती आधी निर्दोष असली पाहिजे, ही त्या परिश्रमांमागची जाण होती. पुढे १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. आता एका दगडावरून शेकडो प्रती निघू लागल्या, आणि दगडावर एक तिथी चुकली तर शेकडो घरांतले उपवास चुकण्याची सोय झाली! मुद्रितशोधनाला महत्त्व आले ते यामुळेच. नकला काढण्याचे साधन जितके वेगवान, तितकी मूळ प्रत तपासण्याची जबाबदारी मोठी, हा धडा आपल्या ग्रंथपरंपरेने संगणकाच्या कितीतरी आधी शिकवून ठेवला होता.

भारतीय शाळांत संगणक आला तेव्हा या जबाबदारीची जाणीव होण्याचे कारण नव्हते. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाचा प्रकल्प सुरू केला व निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. संगणकाला जागे करणारी आणि त्याचे सर्व अवयव चालवणारी जी आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली म्हणतात. बीबीसी मायक्रोत ही कार्यप्रणाली अवघ्या १६ किलोबाइटांची होती आणि ती कारखान्यातच एका चिपमध्ये कायमची कोरलेली असे. बटण दाबले की यंत्र तयार. विद्यार्थ्याने बिघडवू म्हटले तरी ती बिघडत नसे.

पुढे हार्ड डिस्क आली आणि कार्यप्रणाली चिपमधून निघून डिस्कवर राहू लागली. ती बदलता येऊ लागली, म्हणजेच बिघडवताही येऊ लागली. फ्लॉपीवरील विंडोज ९५ च्या संचात १३ फ्लॉपी असत. वीस संगणकांच्या कक्षात ती बसवायची, तर २६० वेळा फ्लॉपी घालायची आणि काढायची. त्यातली एखादी फ्लॉपी दमट हवेने खराब झालेली निघाली की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. त्या काळी संगणक-शिक्षकाची उन्हाळी सुट्टी बहुतांशी यातच संपे.

यावर निघालेला उपाय दिसायला साधा होता. एकच संगणक मन लावून सिद्ध करावा. त्यावर कार्यप्रणाली, टंक, छपाईची सोय, अभ्यासाच्या आज्ञावल्या, सर्व काही बसवावे. आणि मग त्याच्या डिस्कवरील मजकूर जसाच्या तसा एका फाइलीत साठवावा. या फाइलीला इमेज म्हणतात. १९९० च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमधील मरे हॅझार्ड यांनी या कामासाठी ‘घोस्ट’ नावाची आज्ञावली रचली. १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने ती विकत घेतली आणि जगभरच्या संगणक-कक्षांत ती रूढ झाली. त्याच दशकाच्या अखेरीस इंटेलने पीएक्सई ही पद्धत प्रमाणित केली. तिच्यामुळे डिस्क कोरी असलेला संगणकही जाळ्यातून आपली कार्यप्रणाली मागवू शकतो. फ्लॉपीची वा सीडीची गरज उरत नाही.

तरीही प्रश्न होता वेळेचा. वीस संगणकांनी एकाच वेळी मुख्य संगणकाकडे तीच फाइल वेगवेगळी मागितली, तर जाळे गुदमरते. घरोघर जाऊन तोच निरोप वीस वेळा सांगावा, तसे ते होते. त्याऐवजी गावात दवंडी पिटावी. एकदाच बोलावे आणि सर्वांनी एकाच वेळी ऐकावे. संगणकाच्या भाषेत याला मल्टिकास्ट म्हणतात. तैवानमधील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात तयार झालेल्या ‘क्लोनझिला’ या मुक्त आज्ञावलीने ही दवंडी सर्वांना विनामूल्य दिली. तिच्या कर्त्यांनी दिलेल्या उदाहरणानुसार ५.६ गिगाबाइटांची इमेज ४१ संगणकांवर सुमारे दहा मिनिटांत एकदम बसवता आली. २६० फ्लॉपींचा उन्हाळा दहा मिनिटांवर आला!

महाराष्ट्रातही या विद्येचा एक लहानसा पण लक्षणीय प्रयोग झाला. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात या गावच्या मराठी शाळेत पहिली ते चौथीच्या २२ मुलांना ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमातील हिरवे-पांढरे संगणक मिळाले. त्यांची साठवण अवघी एक गिगाबाइट. या यंत्रांसाठी इमेज सतत सुधारली जात असे. नवी इमेज पेन ड्राइव्हवर घेऊन ठराविक कळा दाबून ठेवल्या की यंत्र ती स्वतःवर उतरवून घेई. त्या उपक्रमात पुढे अशीही युक्ती निघाली, की एका यंत्राने बिनतारी लहरींवरून इमेज पुनःपुन्हा प्रसारित करावी आणि भोवतालच्या सर्व यंत्रांनी ती टिपावी. मधले काही तुकडे ऐकू आले नाहीत तरी उरलेल्यांवरून ते भरून काढण्याची गणिती सोय तीत होती. जिथे तंत्रज्ञ सहसा पोचत नाही अशा गावांसाठी हे मोलाचे होते.

केरळ राज्याने हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. तेथील शालेय संगणक-शिक्षण मुक्त कार्यप्रणालीवर उभे आहे. राज्याच्या अभ्यासक्रमास साजेशी एक इमेज शासकीय यंत्रणा स्वतः तयार करते, आणि २०१९ ची आवृत्ती दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी होती. आपल्या छत्तीसगडातही मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पुढाकार घेतलेला ‘क्लिक्स’ हा उपक्रम शासकीय माध्यमिक शाळांत आला. मुंबईचेच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्यात सहभागी होते. इंटरनेट नसले तरी चालेल असा एक छोटा सर्व्हर शाळेतच ठेवावा आणि धडे त्यावरून कक्षातील संगणकांना मिळावेत, अशी त्याची रचना होती. चार राज्यांतल्या शाळांत जाणारे हे सर्व्हर आतून सारखे असणे अगत्याचे होते. नाहीतर एका शाळेतला दोष दुसऱ्या शाळेत बसून ओळखणे अशक्य झाले असते.

इथवरचा इतिहास वेगाचा आणि सोयीचा झाला. आता त्याची दुसरी बाजू सांगतो, आणि त्यासाठी स्वतःची एक चूक कबूल करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी रायपुरातल्याच एका दुसऱ्या शाळेत मी संगणक-कक्ष पाहत असे. तेथे हिंदीबरोबर मराठी शिकणारी मुलेही होती. दिवाळीच्या सुट्टीत मी एक संगणक मोठ्या हौसेने सजवला, त्याची इमेज घेतली आणि एका दुपारी ती वीसही संगणकांवर उतरवली. इंग्रजी टंकून पाहिले, हिंदी टंकून पाहिले, सर्व ठीक. सुट्टीनंतर मुलांनी भित्तिपत्रकासाठी आपापल्या मोहल्ल्यावर चार-चार ओळी लिहिल्या. छापून आलेला कागद एका मुलीने माझ्यापुढे धरला आणि ती म्हणाली, “सर, आमचं घर आहे तिथलं नाव असं नाही लिहीत.”

तिने लिहिले होते, ‘आम्ही तात्यापाऱ्यात राहतो.’ कागदावर ‘ऱ्या’ च्या जागी य वर रफार चढला होता. मी बसवलेल्या हिंदी टंकात मराठीचा अर्धा ऱ नव्हताच. हिंदीत ‘तात्यापारा में’ म्हणतात. त्यांना त्या अक्षराची गरज पडत नाही. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘साऱ्यांनी’, जिथे जिथे ते अक्षर होते तिथे तिथे वीसही संगणकांनी एकमुखाने तीच चूक केली. एखाद्या संगणकात दोष असता तर तो इतरांशी ताडून पाहता आला असता. इथे ताडून पाहायला शुद्ध प्रत उरलीच नव्हती, कारण जुनी इमेज मी पुसून टाकली होती. मुले तर पडद्यावर दिसते तेच बरोबर मानतात. ती मुलगी बोलली नसती, तर कित्येक वर्षे त्या कक्षातून निघालेली मुले आपल्या पेठेचे नाव चुकीचेच लिहीत राहिली असती.

दोष तंत्राचा नव्हता. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतंत्र स्थान आहे, ळ लाही आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९८८ पासून ‘जिस्ट’ तंत्राद्वारे भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले आहे. साधने होती; ती मूळ प्रतीत घालायला आणि घातली गेली की नाहीत हे पाहायला मी विसरलो होतो. तयार इमेज बहुसंख्यांच्या गरजेनुसार घडते, आणि त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. परंतु अल्पसंख्य भाषिकांनी स्वतः तपासले नाही, तर त्यांची अक्षरे कोणाच्याही नकळत गळतात.

त्यानंतर मी काही नियम पाळू लागलो. नवी इमेज प्रथम एकाच संगणकावर उतरवावी. मग कक्षातला सर्वांत जुना, सर्वांत नवा आणि वेगळ्या बनावटीचा, अशा तीन संगणकांवर. कारण एकाच्या यंत्रभागांस मानवलेली इमेज दुसऱ्यास मानवेलच असे नाही. तेथे एक आठवडा मुलांच्या हाती द्यावी, मगच सर्वांवर. परीक्षेच्या तोंडावर काही बदलू नये. मागची चांगली इमेज तारीख घालून जपून ठेवावी. नकला सारख्या असल्या तरी प्रत्येक संगणकाला जाळ्यातले नाव वेगळे द्यावे. गणवेश एक असला तरी हजेरीपटावर प्रत्येकाचे नाव निराळे असते. आणि शेवटी, प्रत्येक इमेजवर एक वाक्य टंकून, साठवून, छापून पाहावे: ‘तात्यापाऱ्यातली मराठी शाळा’. त्यात अर्धा ऱ आहे, ळ आहे, आणि जिच्यासाठी हा सारा खटाटोप ती शाळाही आहे.

हे नियम म्हणजे एका लहान कक्षातला अतिरेक, असे कोणास वाटेल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने विंडोज संगणकांना एक छोटी सुधारित फाइल पाठवली. ती तपासणाऱ्या आज्ञावलीतच दोष असल्याने फाइलीतली चूक सुटली, आणि टप्प्याटप्प्याने न जाता ती एकदम सर्वत्र गेली. कंपनीने ७८ मिनिटांत ती मागे घेतली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक बंद पडले होते. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. चूक दवंडीने गेली होती. दुरुस्तीला मात्र कितीतरी ठिकाणी माणसांना एकेका यंत्रापाशी जावे लागले.

शाळाही शेवटी प्रती घडवणारीच संस्था आहे. एकच धडा साठ वर्षे, पिढ्यान्‌पिढ्या, शेकडो मुलांच्या मनावर उतरतो. फरक इतकाच, की मुले संगणकासारखी निमूट नकला होत नाहीत. त्यांतली एखादी कागद घेऊन पुढे येते आणि मूळ प्रतीतली चूक दाखवते. ती मुलगी त्या दिवशी पुढे आली, कारण आपल्या घराचे नाव मराठीत कसे लिहितात हे तिला आधीपासून पक्के ठाऊक होते. ते ज्ञान तिला संगणकाने दिले नव्हते; घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि पाटीवर अक्षर गिरवून घेणाऱ्या कोण्या बाईंनी दिले होते. हिंदीच्या विशाल आणि स्नेहाळ प्रदेशात राहून आपल्या शाळेने साठ वर्षे जपले, ते हेच. पुढच्या काळात यंत्रे बदलतील, इमेजी अधिक वेगाने पसरतील. ‘हे असं नाही लिहीत’ असे निर्भयपणे सांगणारे मूल वर्गात असेल, तोवर आपली प्रत शुद्ध राहील.