विंडोजच्या घरात युनिक्स
आज विंडोजच्या लॅपटॉपवर तुम्ही लिनक्सचं टर्मिनल सहज उघडता. १९९५ मध्ये हे इतकं सोपं नव्हतं. युनिक्सची यंत्रं महाग, आणि ऑफिसात टेबलावर मिळायचं ते विंडोज. युनिक्सचा प्रोग्राम त्यावर चालवायचा तर कोड जागोजागी बदलावा लागे.

सिग्नस कंपनीतल्या स्टीव्ह चेंबरलेननं वेगळा विचार केला. प्रत्येक प्रोग्राम बदलण्यापेक्षा मधे एक दुभाषाच बसवला तर? त्यातून सिगविन आलं. युनिक्सच्या भाषेतली मागणी विंडोजला समजेल अशी करून सांगणारी ही लायब्ररी. मूळ कोड बराचसा तसाच ठेवायचा आणि पुन्हा कंपाइल करायचा, बस्स!

अर्थात दुभाषा म्हटलं की वेळ जातोच. युनिक्सचा 'फोर्क' चालू प्रोग्रामची प्रत झटकन काढतो. विंडोजकडे तशी थेट सोय नव्हती, म्हणून सिगविनवर हेच काम रेंगाळायचं.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्वतःच विंडोजमध्ये लिनक्सची सोय दिली. पण त्याआधी वीस वर्षं हे दार उघडं राहिलं, कारण जीसीसी कंपायलरचा कोड खुला होता. तो बंद असता, तर चेंबरलेनला आधी कुणाची तरी परवानगी मागावी लागली असती. तुमच्या मशिनवर काय चालेल हे कोण ठरवतं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.