कमवा आणि शिका: साताऱ्याचं कॉलेज अन् पिरंगुटची पोरं

मंडळी, पिरंगुटात कॉलेज आहे, पण कंपनीत शिफ्ट लागली की कित्येक पोरांचं शिक्षण सुटतं. यावर कर्मवीर भाऊराव पाटलांनी केव्हाच तोड काढली होती.

१९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांचं वसतिगृह झालं. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. मग १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ ला कराडात गाडगे महाराज कॉलेज. फीला पैसे नाहीत? अंगमेहनत करा अन् शिका!

तेव्हा कामावरच कॉलेज उभं राहिलं. मग आज शिफ्टच्या वेळा बघून वर्ग का भरू नयेत? कॉलेज, कंपन्या अन् ग्रामपंचायतीनं एकदा एकत्र बसावं. तुम्हाला काय वाटतं?